बोडख्याच्या बारा काचा

काचेवर आत्याबाईंचे केस काळेभोर दिसतात. खरं म्हणजे मी सून म्हणून त्या घरात गेले, तेव्हाच सासूबाईंच्या डोक्यावर एक काळा केस शोधून सापडला नसता. पण ही फोटोची निगेटिव्ह काच, उलट्या स्वभावाची. तिच्यावर आभाळ डांबरासारखं काळं, डोंगर मिठाच्या ढिगासारखा पांढरा. आणि त्या पांढऱ्या डोंगराच्या कडेला, काखेत भाकरीची टोपली, वाऱ्याने पदर मागे पडलेला, अशी एक तरुण केसांची बाई उभी आहे. खिडकीपाशी काच धरून मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग हसू आलं. हे मार्गशीर्षात गेले. त्यानंतर घरात एकटीला मोठ्याने हसू आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पेटी माळ्यावर होती. सागाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या मारलेली. आत दहा काचा, एकेक काच जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, आणि सगळ्यांच्या खाली माझी वही. झाकण उघडल्याबरोबर आधी हायपोचा, म्हणजे काचा धुवायच्या औषधाचा, आंबूस वास आला आणि त्याच्या मागून, जरा लाजत आल्यासारखा, जुन्या ज्वारीचा. दुसऱ्या कुणाला तो ओळखू आला नसता. फोटोच्या काचांना ज्वारीचा वास का यावा, हे आता सांगू शकेल अशी मी एकटीच उरले आहे. म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव मेडशीजवळ. गावामागे कोसभरावर बोडखा डोंगर. आजूबाजूच्या डोंगरांवर साग होता, सालई होती, पळस होता. ह्याच्या डोक्यावर मात्र काही नाही. नुसता काळा कातळ. पावसाळ्यात त्यावर वीतभर गवत यायचं, दिवाळीनंतर ते पिवळं पडायचं आणि चैत्रापर्यंत तेही वाऱ्यावर जायचं. एका अंगाने कडा तुटलेला, खाली दगडांचा सडा. तिथे वारा वाहायचा नाही, घासायचा. मी कारंज्याची, भर पेठेत वाढलेली. सकाळी कापसाच्या गाड्यांच्या आवाजाने जाग यायची अशा घरातली. लग्न होऊन आल्यावर ह्यांनी मला पहिली वस्तू दाखवली ती हा डोंगर. अंगणातून दाखवला, तोही हाताने नव्हे, हनुवटीने. कारण मामंजी ओसरीवर बसले होते.

हे अकोल्याला शिकले. शाळेच्या वाटेवर एक फोटोचा स्टुडिओ होता. शाळा सुटली तरी ह्यांची पावलं तिथेच अडायची. मॅट्रिक झाल्यावर ह्यांनी मालकांकडे काम मागितलं. मालक वयस्क, बोलायला तिखट. ते म्हणाले, "खुर्चीतला माणूस हलू नको म्हटलं की हलत नाही. त्याचा फोटो कुणीही काढेल. मला एक डोंगर आणून दाखव. ओसाड. माणूस नको, जनावर नको. आणि तरी तो मेलेला दिसता कामा नये." मग त्यांनी आपला जुना लाकडी कॅमेरा, तिपाई आणि बारा काचा ह्यांच्या हवाली केल्या. बारा म्हणजे बारा. तेरावी मिळणार नव्हती.

इकडे मामंजींनीही मुदत घातली होती. आमच्याकडे शेतीचं नवं वर्ष अक्षय्यतृतीयेला धरतात. "तोवर काय तमाशे करायचे थे कर," मामंजी म्हणाले, "मंग तिफन हाती घे. मले आता होत नाई." त्यात राग नव्हता. त्यांचे गुडघे खरोखरच गेले होते. डोंगर मिळाला तर अकोला, नाही मिळाला तर पेरणीची तिफण. होळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

पहिली अडचण अंधाराची आली. काच धुवायची म्हणजे मिट्ट काळोख पाहिजे, आणि आमच्या घराला इतकी भोकं की दुपारी आत बसून गहू निवडता यावेत. शेवटी आत्याबाईंनीच पेव सुचवलं. अंगणात जमिनीच्या पोटात खणलेलं, आतून शेणमातीने सारवलेलं, ज्वारी साठवायचं पेव. वरून तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र चौघं बसतील एवढी जागा. त्या साली ते रिकामं होतं. पेवात कोंडलेली हवा माणसाला मारते, म्हणून उतरण्याआधी दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. आत्याबाई हे स्वतः करायच्या. दिवा वर ओढून त्या आम्हाला म्हणायच्या, "जा आता," आणि आम्ही शिडीने उतरलो की तोंडावर गोधड्या टाकून त्यांवर स्वतः बसायच्या, म्हणजे उजेड येऊ नये.

त्या घरात दिवसाउजेडी मी ह्यांच्याशी चार शब्द बोललेलं कुणाला चाललं नसतं. आणि आता भर दुपारी, सासूबाईंच्या पहाऱ्यात, जमिनीखाली, लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात आम्ही दोघं! वर चैत्राचं ऊन, खाली माठासारखा गारवा. भिंतींच्या फटींत जुनी ज्वारी अडकलेली, तिचा गोडसर वास. रांजणातलं पाणी फडक्याने तीनदा गाळून मी द्यायची. हे काच ताटलीत बुडवून हलवायचे आणि हळूहळू तिच्यावर काळं उमटायला लागायचं. आधी आभाळ, मग कडा. ह्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागायचा तो काच हलवतानाच, असं आम्ही दोघंही धरून चालायचो.

वरून आवाज यायचा, "काय व माय, फोटू धुऊन राह्यले का पाच पायल्या ज्वारी?"

"झालंच, आत्याबाई."

"होऊ दे, होऊ दे. मी कायी घाई करून राह्यली नाई. मले इथं ऊन लागून राह्यलं फक्त."

शेजारणीने विचारलं की त्या तिला सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "पोट्टा न् सून पेवात हायेत!" मी खाली लाल उजेडातही लाल व्हायची.

वही माझ्याकडे होती. मी सातवी झालेली. माझं अक्षर ह्यांच्यापेक्षा बरं होतं. काचेचा आकडा, वेळ, भिंगावरची टोपी काढून किती मोजले ते, आणि शेवटी एक रकाना: बिघाड. तो रकाना आज वाचला की मी पुन्हा सतरा वर्षांची होते.

काच पहिली. बिघाड : वारा, तिपाई हलली.

काच दुसरी. बिघाड : पाणी कोमट.

ही दुसरी काच आम्ही पेव सुचायच्या आधी घरात, रात्रीची धुतली होती. कोमट पाण्यात तिच्यावरचा थर दुधावरच्या सायीसारखा सरकला आणि डोंगर घडी पडून ताटलीत बसला. उरलेली स्वच्छ काच आत्याबाईंनी देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या चौकटीला लावून घेतली. "एक तं कामाची निंगाली," त्या म्हणाल्या.

काच तिसरी. बिघाड : सोनबा.

सोनबा धनगर पलीकडच्या उतारावर मेंढरं चारत होता. त्याने लांबून तिपाई पाहिली आणि धावत आला. वाटेत ओढ्यावर तोंड धुतलं, फेटा सोडून पुन्हा बांधला, आणि ह्यांनी काळ्या कापडाखाली डोकं घातलेलं असताना बरोबर डोंगरापुढे काठी टेकून उभा राहिला. मी टोपी काढायला नुकती शिकले होते, तीही घाबरत. माझं लक्ष टोपीवर. टोपी लागल्यावरच आम्हाला तो दिसला.

"सोनबा, बाजूले व्हाचं ना गा!" हे कळवळून ओरडले.

"काहून? हाललो का मी?"

"मले डोंगर पाह्यजे होता!"

सोनबाला खरंच नवल वाटलं. "डोंगर कुठी पळून जाते? थो रोजच हाय. मी आज हाओ."

मग त्याने मेंढीचं दूध काढून पळसाच्या द्रोणात आम्हाला प्यायला दिलं. त्या दुधाचा उग्र वास आणि ह्यांचं उतरलेलं तोंड, दोन्ही मला एकत्रच आठवतात.

सोनबाने गावात सांगितलं, आणि मग बोडख्यावर कधी नव्हती इतकी वर्दळ सुरू झाली. चौथ्या काचेत मोळीवाल्या पाच बाया ओळीने बसल्या आहेत, मोळ्या डोक्यावरच. "उतरवून बसल्या असत्या तरी चाललं असतं," हे म्हणाले, तर त्यांतली एक म्हणाली, "मंग आमी मोळीवाल्या हाओ हे कसं समजन?" पाचवीत पुन्हा सोनबा, ह्या खेपेला बायकोसकट. सहावीचा बिघाड : शेपूट. गाय काचेत नाही, तिची नुसती शेपूट डाव्या कडेने आत आली आहे. सातवीत बैलगाडी. आठवीत, आम्ही पहाटेच गेलो असताना, कड्याच्या अगदी टोकाला एक माणूस बसलेला आहे. तो कोण, तिथे काय करत होता, हे गावात कुणीच कबूल केलं नाही.

नववी काच ही आत्याबाईंची.

त्या भाकरी घेऊन आल्या होत्या. हे त्यांना दोन्ही हातांनी बाजूला व्हा म्हणून खुणा करत होते आणि त्या तिथेच, अंग सावरून, ताठ उभ्या. ह्यांनी वाट पाहिली. त्याही वाट पाहत राहिल्या. ऊन चढायला लागलं. शेवटी ह्यांनी वैतागून मला टोपी काढायला सांगितली.

भाकरी खाताना हे म्हणाले, "आई, तुले सांगतलं होतं ना, माणूस नाई पाह्यजे?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

आत्याबाईंनी झुणक्यावर तेल सोडलं. "हे पाय बावा. शेजारच्या घरून वाटी आली, तं आपुन थे खाली वापस करतो का? मूठभर दाने टाकतो, गुळाचा खडा टाकतो. त्या मालकानं तुले पेटी देल्ली, काचा देल्ल्या. वळख ना पाळख. अन् तू त्याले खाली डोंगर धाडतं? लोक काय म्हनतीन, मेडशीकडले लोक असे?"

ह्यांनी डोक्याला हात लावला. घरी मामंजींनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, "उभा डोंगर धाडून राह्यला तुहा पोट्टा, बुढे, आनखी का शेत बी धाडाव?" पण आत्याबाईंच्या मनातून ते गेलं नाही. आमच्या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. शेजारी तर आमच्याकडे मुद्दाम मोठ्या वाट्या पाठवायचे.

दहावी आणि अकरावी काच त्याच आठवड्यात गेली. दहाव्या काचेत मेंढरं, अकरावीत सोनबाने मेंढरांना हाकलायला केलेली धावपळ. त्याला बिचाऱ्याला मदतच करायची होती.

एक काच उरली. अक्षय्यतृतीयेला चार दिवस. हे जेवेनासे झाले. मामंजींनी तिफण काढून ओसरीला टेकवून ठेवली आणि तिच्याकडे पाहायचं टाळू लागले. मी वही उघडून बाराव्या काचेची ओळ आखून ठेवली, बिघाडाचा रकाना सोडून. तो आखायला हात होईना.

बारावी काच काढायच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर आत्याबाई घरात नव्हत्या. दिवेलागणीला आल्या त्या लुगड्याला कुसळं घेऊनच. "महादेवाले गेली होती," म्हणाल्या. मी कुसळं काढायला बसले. महादेवाच्या वाटेवर कुसळं नव्हती, ती बोडख्याच्या उतारावर होती. पण सुनेने एवढं लक्षात घ्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निघालो. तिपाई ह्यांच्या खांद्यावर, पेटी माझ्या डोक्यावर. उजाडलं तेव्हा डोंगरावर कुणी नव्हतं. सोनबाने आपली मेंढरं त्या दिवशी दुसऱ्या रानात नेली होती आणि वाटेवर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला वळवत होता, हे मागून कळलं. इतका ओसाड बोडखा मी पहिल्यांदा पाहिला. कडा खालून वर निळा, मग करडा, मग टोकाला एकदम उघडा. दगडांच्या सावल्या लांब पडलेल्या. एक टिटवी ओरडून गेली आणि ती गेल्यावर वारासुद्धा थांबला.

हे कापडाखालून बाहेर आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तुले पाह्यचं का?"

इतक्या दिवसांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि मीही मागितलं नव्हतं. मी काळ्या कापडाखाली डोकं घातलं. आत ह्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. आणि समोरच्या काचेवर डोंगर उलटा टांगलेला होता. आढ्याला वटवाघूळ लटकावं तसा. आभाळ खाली, तळ्यासारखं. आणि पुढच्या मोठ्या सपाट दगडाला, उलटा, काहीतरी छोटंसं लोंबत होतं. मी निरखून पाहिलं. आत्याबाईंचा पितळी गडवा, पाणी प्यायचा तांब्या, ज्वारीने शिगोशीग भरलेला. उलटा होता, तरी त्यातून दाणे सांडत नव्हते.

मी डोकं बाहेर काढलं. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"दिसला?"

"दिसला," मी म्हणाले. "छान आहे डोंगर."

ह्यांनी काच चढवली. मी टोपी काढली. एक. दोन. तीन. इतकी शांतता होती की मला माझे आकडे कड्यावर जाऊन परत आल्यासारखे वाटले. सातला टोपी लावली.

त्या दुपारी पेवात काच हलवताना आम्ही बोललो नाही. आभाळ काळं झालं, कडा आला, एकेक दगड आला. आणि पुढच्या दगडावर एक ठिपका आला, त्याला मान फुटली, पोट फुटलं. ह्यांचा हात थांबला. ताटलीतलं पाणी स्थिर झालं.

वरून गोधडीतून आवाज आला, "आला का डोंगर?"

"आला," हे म्हणाले.

"अन् माहा गडवा?"

हे खाली मातीवर बसून राहिले. मी वहीत बाराव्या काचेपुढे वेळ लिहिली, मोजणी सात लिहिली, आणि बिघाडाच्या रकान्याची जागा तशीच कोरी ठेवली.

काच घेऊन हे सर्व्हिस मोटारने अकोल्याला गेले. दोन दिवस आत्याबाई अंगणातून आत आणि आतून अंगणात. आपलं काही चुकलं असावं एवढं त्यांना कळलं होतं, काय ते कळत नव्हतं. "खाली बराबर नसतं दिसलं व," त्या मला पुन्हा पुन्हा म्हणायच्या, आणि मी हो म्हणायची.

अक्षय्यतृतीयेला घागर पुजून झाली आणि हे दारात उभे. मामंजी तिफणीशेजारी बसले होते. हे चप्पल काढता काढताच सांगू लागले. मालकांनी काच उजेडावर धरली. बराच वेळ धरली. मग विचारलं, "माणूस नाही ना यात?"

"नाही."

"मग हा गडवा कुणाचा?"

"आईचा."

"ती कुठे आहे?"

"घरी."

मालकांनी काच खाली ठेवली आणि म्हणाले, "मला वाटलं, आत्ता पाणी पिऊन उठून गेली." थोड्या वेळाने म्हणाले, "पौर्णिमेपासून ये."

 मग मामंजींनी हिशोब मांडला. "डोंगर महादेवाचा. गडवा बुढीचा. मंग यानं काय केलं?"

"टोपी काढली," आत्याबाई तोऱ्यात म्हणाल्या.

"थे बी हिनं काढली," हे म्हणाले.

मामंजी आधी हसले. मग सगळे. आमरसाची वाटी माझ्या हातून कलंडली तरी कुणी रागावलं नाही. तिफण त्या वर्षी चुलतदिरांनी धरली आणि आत्याबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "भरून धाडला म्हनून. खाली धाडला असता तं वापस आला असता."

ह्यांनी पुढे अकोल्यात हजारो माणसांना खुर्चीत बसवलं. मी तिथेच शिकून शिक्षिका झाले. बारावी काच मालकांच्या भिंतीवर होती. स्टुडिओ बंद झाला तेव्हा ती कुठे गेली कळलं नाही. जिच्यात बिघाड नव्हता ती गेली. बिघडलेल्या दहा उरल्या.

गेल्या कार्तिकात हे अंथरुणावर होते. एका दुपारी मी त्यांना सांगून टाकलं. "कापडाखाली मला तेव्हा गडवा दिसला होता. मी बोलले नाही."

हे डोळे मिटून होते. ओठ हलले. "मले बी दिसला होता."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. "मग काढून का नाही ठेवलात? शेवटची काच होती!"

"म्हातारी कोसभर चालून गेली होती ठेवाले. थो उचलून बाजूले ठेवाव, इतका मोठा फोटोग्राफर नव्हतो मी."

"आणि पेवात गप्प बसलात ते?"

त्यांनी एक डोळा उघडला. "तू सांगतं का, थे पाहून राह्यलो होतो."

परवा मी एस.टी.ने बोडख्याजवळच्या घाटाच्या फाट्यावर उतरले. पिशवीत गडवा होता, मूठभर ज्वारी घातलेला. रस्त्यालगत आता सोयाबीनची शेतं आहेत, त्या दिवशी नांगरून मोकळी पडलेली. सोनबाचा उतार तारेच्या कुंपणात गेला आहे. पण बोडखा तसाच. थांबत थांबत चढले. वर कुणी नव्हतं. मेंढरं नाहीत, मोळ्या नाहीत, शेपूटसुद्धा नाही. हवा होता तसा डोंगर आता रोज, कुणालाही, फुकट.

सपाट दगड सापडला. त्यावर गडवा ठेवला आणि वीस पावलं मागे येऊन, तिपाई असायची तिथे उभी राहिले. एक चिमणी गडव्याच्या काठावर बसली, आत वाकली. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. आकडे कड्यावर जाऊन परत येत होते. सात झाल्यावर सवयीने माझा हात टोपी लावायला पुढे गेला.

टोपी नव्हती. मग मी तसंच उघडं राहू दिलं.